दोन क्रमांकाची तबकडी

६ जानेवारी २०२५, सोमवार

नवी वही, पहिले पान. त्र्यंबक मेहेंदळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसायाने मुद्रितशोधक, एकेचाळीस वर्षे, पुणे. वही कोठे विसरलीच, तर सापडणाऱ्याला धन्याचा शोध घेत हिंडावे लागू नये, म्हणून ही नोंद प्रत्येक वहीच्या आरंभी करण्याची माझी पद्धत आहे.

मन प्रसन्न आहे. हे मुद्दाम लिहिले पाहिजे, कारण ते क्वचित असते. सकाळी खामगावहून एस.टी.ने पिंपळगाव राजाला पोहोचलो. हवेत गारवा, दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, कापणीला आलेल्या तुरी. वाहकाने तिकीट देताना उच्चारलेल्या पाच शब्दांपैकी चार अशुद्ध होते. तरीही मी त्याला काही बोललो नाही, यावरून माझ्या प्रसन्नतेची कल्पना यावी.

बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या कचेरीत येथील एका विश्वस्त मंडळाने 'बोल-संग्रह' नावाचे काहीतरी मांडले आहे. परिसरातील चारशे बारा वृद्धांनी आपापल्या तोंडाने सांगितलेल्या आयुष्यकथा त्यांनी चौदा वर्षांत ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक आता हयात नाहीत. त्या कथा कोणीतरी कागदावर उतरवल्या आहेत, आणि तो कागद व तो आवाज ताडून पाहण्यासाठी मला बोलावले आहे. माझी पत्नी अन्नपूर्णा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, मला कोणी कोठे बोलावण्याचा हा पहिलाच प्रसंग. ती असती तर माझ्याआधी तिने पेटी भरली असती.

कचेरीमागील खोलीत माझी व्यवस्था केली आहे. रुखमाबाई नावाची सत्तरीची विधवा दोन वेळचा डबा आणते. आज ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी होती. त्या दाण्यांना त्या 'सोले' म्हणतात आणि मला 'गुर्जी'. भाजी उत्तम होती.

८ जानेवारी, बुधवार

संग्रहाचा कारभार सुवर्णा पाहते. वय चौतीस, मराठीची पदव्युत्तर पदवी, आणि इतके शिकूनही 'मला' म्हणायचे तेथे बिनदिक्कत 'मले' म्हणते. मी विचारले, तर उत्तर आले, की वर्गात 'मला' आणि घरात 'मले', आणि हे आपले घर आहे. संग्रहाचा नियमही तिनेच केला आहे : बोलणारा जसा बोलला तसेच लिहायचे, एक काना सुधारायचा नाही. म्हणजे चुका शोधण्यासाठी मला आणले, आणि त्या तशाच आहेत ना याची खात्री मी करायची! एखाद्या वैद्याला रोग नीट जपला जात आहे ना हे पाहण्यासाठी नेमावे, त्यातला हा प्रकार.

आवाज जेथे साठवले आहेत ती काळी पेटी खोलीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या तळाशी घरघरत असते. तिच्यात पाच डिस्क उभ्या खोचल्या आहेत. मी त्यांना तबकड्या म्हणेन. मराठीत शब्द असताना भीक कशाला मागायची? प्रत्येक माणसाच्या आवाजाचे तुकडे करून ते या पाचांत वाटलेले असतात, आणि तेही अशा रीतीने, की एखादी तबकडी निकामी झाली तरी उरलेल्या चौघी मिळून तिच्यात काय होते ते नेमके सांगू शकतात. मग कोरी तबकडी तिच्या जागी बसवली, की यंत्र ते सारे तिच्यात पुन्हा भरते. दोन गेल्या, तर मात्र सगळेच गेले. सुवर्णाने समजावले, की घरातले एक माणूस गेले तर बाकीचे चौघे त्याच्या आठवणी सांगतात ना सर, तसेच. उपमा वाईट नव्हती. भाषा वाईट होती.

११ जानेवारी, शनिवार

आज दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या घडल्या.

पहिली. पेटी पुसताना तबकड्यांच्या खाचांवरील चिठ्ठ्या पाहिल्या. कोणा महाभागाने त्यांना शून्य, एक, दोन, तीन, चार असे क्रमांक दिले होते. पाच वस्तूंतील पहिलीला शून्य म्हणणारा मनुष्य उद्या आपल्या थोरल्या मुलाला शून्यावा म्हणेल. मी त्या चिठ्ठ्या वाफ देऊन सोडवल्या, आणि टाकाने एक ते पाच असे आकडे लिहून नव्या चिकटवल्या. अक्षर सुरेख आले आहे. जुन्या चिठ्ठ्या या वहीच्या मलपृष्ठात ठेवल्या. पुस्तक छापून होईपर्यंत मूळ प्रत फेकायची नसते. सुवर्णाला सांगितले नाही. प्रत्येक सुधारणेची वर्दी देत बसलो असतो, तर एकेचाळीस वर्षांत एकही पुस्तक निघाले नसते.

दुसरी गोष्ट रुखमाबाईंची. त्यांचे यजमान निवृत्ती सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांचा आवाज संग्रहात आहे, आणि या बाई रोज दुपारी चार वाजता येऊन तो ऐकतात. ऐकतात म्हणजे मुकाट्याने ऐकत नाहीत. येथे कथा सांगणाऱ्याला समोरच्याने सतत 'हूं' आणि 'मंग?' असा हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला तर सांगणाऱ्याने सांगणे थांबवायचे, अशी रीत आहे. बाई ती रीत यंत्रापुढेही पाळतात. भिंतीतून आवाज यावा तसा निवृत्तीचा आवाज येतो, आणि बाई मान हलवून म्हणतात, "हूं... मंग?"

ध्वनिमुद्रण अपुरे आहे. निवृत्ती तरुणपणी सोनाळ्याला म्हैस पाहायला गेले आणि चौथ्या दिवशी परतले, एवढी ती हकिकत. शेवट असा : "वापस येताना वाटंत इहीर लागली. तहान लागलती. वाकलो, तं इहिरीतून कोनंतरी मले आवाज देल्ला. अन् मंग मी..." येथे त्यांना खोकला येतो. पुढे अकरा सेकंद नुसती खरखर. मी घड्याळ लावून मोजली. आठ दिवसांनी ते गेले. त्या अकरा सेकंदांत बाई तीनदा 'मंग?' म्हणतात आणि वाट पाहतात.

मी विचारले, की इतक्या वर्षांत कधी सांगितले नाही का? तेव्हा म्हणाल्या, "नाई न गुर्जी. चार दिवस मानूस कुठी होता, काई पत्ता नाई. आला तवा पायात वाहाना नोहत्या. अन् माह्याकडे असा पाहे, का मी जशी दुसऱ्याच कोनाची बायको हाय. मले तेवढंच आयकाचं हाय. मंग मी मराले मोकळी."

मृताला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहणाऱ्या समाजाला व्याकरण कोण शिकवणार?

१५ जानेवारी, बुधवार

पेटीवरचा लाल दिवा लागला आहे. तबकड्यांचे स्वतंत्र दिवे केव्हाच गेले असल्याने त्यांपैकी कोणती आजारी आहे, हे पेटीकडे पाहून कळत नाही. यंत्राची देखभाल खामगावचा अश्वजित नावाचा अभियंता करतो. त्याने तिकडे बसूनच संगणकावर पाहिले आणि सांगितले, की एक डिस्क मरायला टेकली आहे. नवी तबकडी कपाटात तयार आहे. तो सोमवारी स्वतः येऊन बदलून देणार आहे.

सुवर्णाला वाट पाहायची आहे. मी म्हणालो, की ज्या वस्तूच्या खाचेवर आकडा लिहिलेला आहे, ती ओढून काढायला अभियंता लागत असेल, तर उद्या पान उलटायलाही बोलवा. ती हसली. आणखी दोनदा म्हणालो, तेव्हा हसली नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

काम झाले. अश्वजितने फोनवर सांगितले, "दोन नंबर. पुन्हा सांगतो, दोन." कपाटाचा तळ अंधारा; विजेरी माझ्या हाती होती आणि चिठ्ठ्याही मीच वाचल्या. सुवर्णाने उकिडवे बसून आत हात घातला, मी बोट ठेवून 'ही दोन' म्हणालो, तिने ती तबकडी ओढली आणि नवी खोचली. यंत्र घरघरले आणि पडद्यावर आकडा उमटला : शंभरातील एक. जुन्या यंत्राला पूर्ण भरायला आठवडाभर लागेल, असे तो म्हणाला. मला तीन मिनिटे लागली.

यानंतरचा प्रकार मात्र लिहून ठेवला नाही तर पुण्यात कोणी विश्वास ठेवणार नाही. काढलेली तबकडी भंगारात द्यायची नाही, असा येथे दंडक आहे. तिच्यात लोकांची माणसे आहेत, म्हणे. रुखमाबाई आणि आणखी चार बाया आल्या. तबकडी नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळली, वर चिमूटभर तांदूळ ठेवले, आणि सगळ्या मिळून ती धरणाच्या पाण्यात सोडायला गेल्या. यापूर्वीच्या दोन अशाच सोडल्या आहेत. सुवर्णा स्वतः असले काही मानत नाही, पण लोकांची माणसे, लोकांची रीत, असे म्हणून तीही गेली. मला चला म्हणाल्या. यंत्राच्या सुट्या भागाला खांदा द्यायला मी गेलो नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी साडेआठला फोन आला. सुवर्णा यायची होती; मी उचलला. अश्वजित बुचकळ्यात पडला होता. पडद्यावर दोन क्रमांकाची डिस्क अजून तशीच धापा टाकत चालू दिसते, आणि एक क्रमांकाची, चांगली ठणठणीत, ती गायब आहे, असे तो सांगत होता. यंत्र शून्यापासून मोजते; माझी दोन ती त्याची एक.

मला एका क्षणात कळले.

काढली ती निरोगी. आणि नवीत जे भरले जात आहे, त्यातला काही भाग मरणाऱ्या तबकडीकडून येत आहे. ती तग धरेल तोवरच. निरोगी असलेली, तांदूळ ठेवून, पाण्यात.

सुवर्णा यायला अजून वीस मिनिटे होती. मी वहीच्या मलपृष्ठातून जुन्या चिठ्ठ्या काढल्या, खळ लावली आणि त्या होत्या तशा चिकटवल्या. शून्य, एक, दोन, तीन, चार. माझ्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या. ती आल्यावर तिने विजेरी घेऊन पाहिले आणि एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून मोजले. मी म्हणालो, की मी बोट दोनवर ठेवले होते. तू शेजारची ओढलीस.

तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तसंच झालं असन सर. माहाच हात चुकला असन."

दोन वर्षे राबून तिने त्या पेटीतील एक अक्षर हरवू दिले नव्हते, असे अश्वजित सांगत होता. असो.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी एक वाजता आजारी तबकडी पूर्ण बंद पडली. आकडा त्रेचाळीसवर थांबला आहे. अश्वजित म्हणाला, की आता तीन उरल्या, आणि तिघींना पाचांचे सांगता येत नाही. चारशे बारा माणसे गेली. त्याने हे दोनदा सांगितले, जणू फोनच्या या टोकाला सुवर्णा रडत नव्हती.

विश्वस्तांनी शनिवारी, २५ तारखेला, संध्याकाळी बैठक बोलावली आहे. सुवर्णाला काढतील. उद्या तिला खुलासा द्यायला खामगावला जायचे आहे. मी सत्य सांगितले तर ती वाचेल. एका चिठ्ठीची गोष्ट. मी शनिवारपूर्वी सांगेन. शब्दरचना नेमकी हवी. अशा गोष्टी घाईने सांगायच्या नसतात.

२० जानेवारी, सोमवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

रुखमाबाईंना ताप आहे. डबा शेजारणीने आणला आणि सोबत बाईंचा निरोप : सहा वर्षांत खाडा नाही, तर आज चार वाजता गुर्जींनी बसावे आणि हुंकार द्यावा. यंत्र मेले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. सुवर्णा खामगावला. मी एकटाच होतो.

चार वाजता मी निवृत्तीचे नाव दाबले. उघडायला नको होते. उघडले. तोच आवाज, म्हैस, सोनाळा, वाट, विहीर. "अन् मंग मी..." खोकला. खरखर.

बाईंची थट्टा करावी म्हणून असेल, किंवा त्यांच्याबद्दल मला काही वाटले म्हणून असेल, खरे सांगता येत नाही, मी मोठ्याने म्हणालो, "मग? पुढे?"

खरखर थांबली. पडद्यावर चव्वेचाळीस आले.

मग निवृत्ती बोलू लागला. विहिरीविषयी नाही. म्हणाला, "दवाखान्यात अन्नपूर्णा निजेल व्हती. म्हनली, पानी पाहिजेल. जिंदगीभर तसंच म्हने ते. मी म्हनलं, पाहिजेल नाही, पाहिजे म्हन. तिनं पाहिजे म्हनलं. मी पानी आनाले उठलो, तं ते गेलती."

मी हे कोणालाही सांगितलेले नाही. मुलाला नाही. या वहीत नाही. अकरा वर्षे नाही.

संध्याकाळी आकडा बावन्न.

२१ जानेवारी, मंगळवार

आकडा एकसष्ट. अश्वजितने फोन केला. नेहमी पाहुण्यासारखा जपून बोलणारा तो मुलगा आज तसा बोलला नाही. "सर, मशीन म्हन्ते भरून राह्यलं. मी म्हन्तो, कुठून? तीन डिस्कांत हे नाहीच, तं हे येऊन कुठून राह्यलं?" मी फोन ठेवला.

सकाळपासून मी एक प्रयोग करत आहे. दवाखान्यातील ती खोली आठवायची. खाटेचा रंग, तिचा हात, खिडकी. काहीच येत नाही. अन्नपूर्णेने पाणी मागितले, हे मला ठाऊक आहे. पण एखाद्या परक्याची ऐकीव हकिकत ठाऊक असावी, तितकेच. काल निवृत्तीने सांगितले म्हणून ठाऊक आहे. त्याने सांगितले आणि माझ्याजवळचे गेले.

त्या जागी दुसरेच येते. म्हशीच्या ओल्या पाठीचा वास. मी आयुष्यात म्हशीला हात लावलेला नाही.

सुवर्णा परतली. तिचे डोळे सुजले होते. मी सांगणार होतो. तोंड उघडले आणि विचारले, की शेतातला हरभरा घाट्यावर, म्हणजे शेंगांवर, आला का.

२२ जानेवारी, बुधवार

पुण्याला परतायचे ठरवले. सामान घेतले, स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. खामगावची गाडी लागली, तेही पाहिले.

मग मी रुखमाबाईंच्या दारात उभा होतो. त्यांचे घर मी कधी पाहिलेले नाही. कोणाला रस्ता विचारला नाही. आत जाताना दारावरचे आडवे लाकूड लागू नये म्हणून मान खाली घातली, आणि ती घालायची हे मला माहीत होते. पिशवी स्टँडवर राहिली. पायात वहाणा नव्हत्या.

बाई अंथरुणावर बसल्या होत्या. माझ्या पायांकडे पाहिले. किंचाळतील असे वाटले. त्यांनी फक्त पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अवो, पाय धुवून घ्या."

आजवर त्या मला गुर्जी म्हणत होत्या.

सत्तर.

२३ जानेवारी, गुरुवार

अश्वजित स्वतः आला. वीज तोडली, पेटी उघडली, पाचही तबकड्या काढून टेबलावर मांडल्या. म्हणाला, आता विषय संपला. पडदा काळा. घरघर बंद.

तरी चार वाजता मले कळले, एकोणऐंशी.

मले नव्हे. मला. मला. मला.

सुवर्णाने ऐकले. हसली नाही. कौतुकानेही नाही, छद्मानेही नाही. एवढेच विचारले, की सर, तुम्ही बरे आहात ना? ही मुलगी उद्या-परवा माझ्यामुळे घरी बसणार, आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. मी म्हणालो, थांब. पाणी नको. कोणी पाणी आणायला उठले, की काहीतरी होते. काय होते, ते आठवत नाही —

११ तारखेचे पान वाचले. चिठ्ठ्या बदलल्याचे त्यात लिहिले आहे. अक्षर सुरेख आहे. कोणाचे, ते पहिल्या पानावर पाहावे लागले.

२४ जानेवारी, शुक्रवार

ब्याण्णव. सकाळपासून जितके उरले आहे तितके धरून बसलो आहे. खालचे निवेदन चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहितो. ते बरोबर आहे. तपासले आहे.

सुवर्णा, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. तू ओढलीस ती तबकडी मी दाखवली होती. नंतर जुन्या चिठ्ठ्या मीच परत चिकटवल्या आणि तुझ्यावर आळ घेतला. चूक सर्वस्वी माझी आहे, आणि ही वही विश्वस्तांना दाखव.

वही तिच्या टेबलावर ठेवणार होतो. पाय तिकडे जाईनात. म्हणून ती वही कोठे असेल, हे तिला सांगायला शेजारणीला पाठवले : उद्या चारनंतर, रुखमाबाईच्या घरी, माझ्या मांडीवर.

अन्नपूर्णा — हे नाव लिहिले. कोणाचे आहे?

२५ जानेवारी, शनिवार

तीन वाजले. अंगणात बसून लिहून राह्यलो. हात सवयीनं चालते. चष्मा बोचते, काढून ठेवला. तरी दिसते.

तिचा ताप उतरला. सोले सोलून राह्यली. मी म्हनलं, यंदा तूर बरी हाय. ते म्हनली, हाव.

अठ्ठ्याण्णव —

पहिलं पान वाचलं. कोन्यातरी पुन्याच्या मानसाचं हाय. लय गुर्मीचा मानूस दिसते. मेला असन —

चार वाजले. तिनं सूप बाजूले ठेवलं. समोर येऊन बसली. मशीन नाई, काई नाई. माह्याकडे पाहून राह्यली. म्हनली, तुमी वाकले, इहिरीतून कोनंतरी आवाज देल्ला. मंग?

मले आठवते. पयल्यांदा आठवून राह्यलं. सारं. सांगतो तिले. लिवतो बी —

वाकलो. पानी लय खाली व्हतं. मले वाटलं माही सावली हाय. सावली नोहती. पान्यात एक मानूस बसेल व्हता. म्हातारा. चष्मेवाला. मांडीवर वही. लिवनं थांबवून त्यानं वर पाह्यलं, अन् मले माह्या नावानं नाई, त्याच्या सोताच्या नावानं आवाज देल्ला, का जसा मीच तो —

हूं, म्हनली ते. मंग?

मंग मी त्याले हात देल्ला. तो वर आला, अन् मी त्याच्या जागी —